परराष्ट्र धोरण आणि राष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यासक: ही कारकीर्द उभी राहते कशी?

तटबंदी (धागाकर्ता)

दर काही महिन्यांनी इथे कोणीतरी विचारतं, "बीए झालं, आंतरराष्ट्रीय राजकारणाची आवड आहे, पुढे काय?" आणि उत्तरं "यूपीएससी दे" किंवा "जेएनयूला जा" इथवर येऊन थांबतात. म्हणून हा धागा. वाहिन्यांवर रोज रात्री युद्ध जिंकणाऱ्या तज्ज्ञांसाठी नाही. वर्षानुवर्षं एका प्रश्नाला चिकटून राहणाऱ्या, ज्यांच्या तळटिपा लोक उघडून तपासतात अशा अभ्यासकांच्या धंद्याविषयी बोलू.

सुरुवात के. सुब्रह्मण्यम यांच्यापासून, कारण आपल्याकडे या व्यवसायाची घडी त्यांनी बसवली आणि दाखलाही त्यांचाच दिला जातो, बहुतेकदा चुकीचा. जन्म १९२९, तिरुचिरापल्ली. शिक्षण रसायनशास्त्राचं, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. १९५१ च्या तुकडीचे आयएएस. १९६६-६७ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रॉकफेलर फेलो, आणि १९६८ पासून दिल्लीच्या आयडीएसएचे (संरक्षणविषयक अभ्यास करणारी संस्था) संचालक. ही संस्था ११ नोव्हेंबर १९६५ ला सुरू झाली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना. पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त, सुब्रह्मण्यम दुसरे. १९७५ पर्यंत तिथे, मग संयुक्त गुप्तवार्ता समितीचं अध्यक्षपद, संरक्षण उत्पादन सचिवपद, आणि १९८० ते १९८७ पुन्हा आयडीएसए. निवृत्तीनंतर वर्तमानपत्री लेखन. १९९८ ला पहिल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक, १९९९ ला कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष. त्याच वर्षी पद्मभूषण नाकारलं; नोकरशहांनी आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, ही त्यांची भूमिका.

यावरून लोक सरळ निष्कर्ष काढतात: आधी आयएएस व्हा, मग अभ्यासक. माझं म्हणणं वेगळं आहे. आयएएसमुळे त्यांना खुर्ची मिळाली, वजन मिळालं ते लेखनामुळे. ते लेखन उघड साधनांवर होतं (संसदेतली उत्तरं, अर्थसंकल्प, परदेशी नियतकालिकं) आणि सतत होतं. खुर्ची आज बाहेरच्या माणसाच्या हातात नाही. लेखनाची ती सवय मात्र आहे.

माझ्या मते या कारकिर्दीचा पाया एकच: एक अरुंद प्रश्न, त्याची मूळ कागदपत्रं, आणि त्या प्रदेशाची भाषा. "भारत-चीन संबंध" हा प्रश्न नव्हे, तो ग्रंथालयातला कप्पा झाला. "१९५९ ते ६२ मध्ये पूर्व विभागातल्या चौक्या पुढे नेण्याचा निर्णय कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने झाला" हा प्रश्न. पीएचडीचा विषय इतका बारीक नसेल तर दुसऱ्या वर्षी माणूस अडकतो, कारण काय वाचायचं नाही हेच ठरत नाही.

बाकी जाणकारांनी भर घालावी. प्रवेश, पैसा, अभिलेखागार, संस्था, सगळंच.

---

कृष्णाकाठ

प्रवेशाचं मी लिहिते.

महाराष्ट्रात थेट या विषयाचं एमए करायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागातून आंतरराष्ट्रीय संबंध. दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. १९५५ ला वेगळी संस्था म्हणून निघालं, १९७० ला जेएनयूत विलीन झालं.

पुढची पायरी नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. दोन पेपर, एकूण १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विषय निवडताना घोळ होतो. "राज्यशास्त्र" वेगळा, "संरक्षण व सामरिक अभ्यास" वेगळा आणि आंतरराष्ट्रीय संबंध व क्षेत्र अभ्यासाचा तिसराच. नंतर प्राध्यापकाची जाहिरात "राज्यशास्त्र" म्हणून निघते आणि नेट संरक्षणशास्त्रात असते. छाननीत अर्ज बाजूला पडतो. आपल्या राज्यात महाविद्यालयांत संरक्षणशास्त्राच्या जागा राज्यशास्त्रापेक्षा फारच कमी. शिकवायचा विचार असेल तर राज्यशास्त्रात नेट काढलेली बरी.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटासाठी प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एक वर्षच चालतात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता.

२०२२ च्या नियमांनी एमफिल बंद झालं. पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. आणि फार थोडे बघतात ती गोष्ट: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी एवढीच मर्यादा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. अर्जाआधी विभागात फोन करून रिकाम्या जागा विचारा. नावाजलेल्या मार्गदर्शकाच्या भरवशावर नुसता अर्ज टाकून वर्ष घालवू नका.

---

फटकळ

सगळं ठीक, पण शेवटी खायचं काय? जेआरएफ संपली की सीएचबीवर (तासाच्या हिशेबाने पगार) तासिका, नाहीतर एखाद्या थिंक टँकमध्ये (धोरण-संशोधन संस्थेत) वर्षा-दोन वर्षांचा करार. आणि थिंक टँक म्हणजे कोणाच्या तरी पैशावर कोणाचं तरी म्हणणं.

---

तटबंदी

@फटकळ, आक्षेपात तथ्य आहे, म्हणून पैशाचा नकाशाच मांडू.

आयडीएसए (२०२० पासून मनोहर पर्रीकरांचं नाव जोडलेलं) संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते. दिल्लीच्या सप्रू हाउसमधली आयसीडब्ल्यूए (इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स) १९४३ ची, २००१ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था, पैसा परराष्ट्र मंत्रालयाचा. तिन्ही सैन्यदलांच्या आपापल्या संस्था: लष्कराची क्लॉज, हवाई दलाची कॅप्स, नौदलाची नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन. ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन) १९९० ची, रिलायन्सच्या पाठबळावर उभी राहिलेली. मुंबईत गेटवे हाउस, २००९ पासून. बंगळूरला तक्षशिला. कार्नेगीने दिल्लीत २०१६ ला केंद्र उघडलं. सीपीआर (सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च) १९७३ ची, तिचा परदेशी निधीचा परवाना २०२३ ला निलंबित आणि २०२४ ला रद्द झाला. नामांकित संस्था असली तरी निधीची एक वाट बंद होताच संशोधकांवर काय वेळ येते ते त्यात दिसलं.

अर्थ एवढाच, की मुलाखतीला जाण्याआधी संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. पैसा कुठून येतो, त्यात एकाच देणगीदाराचा वाटा किती, संशोधकांची नावं मागच्या तीन वर्षांत किती बदलली. नावं भराभर बदलत असतील तर तिथे प्रबंध पुस्तकात उतरवायला वेळ मिळणार नाही. परिषदा भरवण्यात आणि पाहुण्यांचे पास काढण्यात दिवस जातील. अशा ठिकाणी दोन वर्षं ओळखींसाठी काढावीत, तिसरं वर्ष काढू नये.

विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पण कायम जागा निघतात किती, ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

---

जुनी_फाईल

अभिलेखागारांबद्दल सविस्तर लिहितो, कारण प्रबंध इथेच तरतो किंवा बुडतो.

दिल्लीत जनपथवरचं राष्ट्रीय अभिलेखागार. जाण्याआधी घरबसल्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोध घ्या. बऱ्याच फायली स्कॅन झाल्यात. तिथे मागणीची चिठ्ठी भरून फाईल मागवायची. चिठ्ठी कधी कधी "एनटी" असा शेरा मारून परत येते. म्हणजे फाईल मंत्रालयाने अभिलेखागाराकडे सोपवलेलीच नाही. सूचीत नाव दिसतं, फाईल नसते. "ब्रिटल" असा शेरा आला तर कागद जीर्ण आहेत, देत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या फायलींवर प्रबंध बेतणाऱ्याने पहिल्याच फेरीत पन्नास-साठ क्रमांक टाकून किती मिळतात ते पाहावं आणि मगच प्रश्न पक्का करावा. प्रश्न आधी आणि फायली नंतर, असं केलं की तिसऱ्या वर्षी प्रश्न बदलावा लागतो.

१९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालचे नियम पंचवीस वर्षांची मुदत सांगतात. संरक्षण मंत्रालयानेही जून २०२१ मध्ये युद्धेतिहासाचं धोरण काढलं, त्यातही साधारण पंचवीस वर्षांनी कागद खुले करायचं म्हटलंय. कागदावर. १९६२ च्या चीन युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ चा आहे आणि सरकारने तो अजून प्रसिद्ध केलेला नाही.

म्हणून वाट वाकडी करावी लागते. मंत्रालयाने फाईल दिली नाही तरी त्याच पत्राची प्रत अधिकाऱ्याच्या खाजगी कागदांत असते. तीन मूर्तीच्या ग्रंथालयात (पूर्वीचं नेहरू स्मारक, आता प्रधानमंत्री संग्रहालय) पी. एन. हक्सर (इंदिरा गांधींचे सचिव), टी. एन. कौल आणि सुबिमल दत्त (दोघेही परराष्ट्र सचिव) यांचे कागद आहेत. १९७१ वर काम करणाऱ्याला हक्सर संग्रहाशिवाय गत्यंतर नाही.

परदेशात: लंडनजवळ क्यू इथे ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. १९६७ नंतरच्या ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या दक्षिण आशिया फायली एफसीओ ३७ या मालिकेत. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तिथे वाचत बसू नका, फोटो काढा आणि घरी वाचा. प्रत्येक फाईलचा पहिला फोटो तिच्या मुखपृष्ठाचाच हवा, नाहीतर नंतर दोन हजार फोटोंत कुठलं पान कुठल्या फाईलचं ते कळत नाही आणि तळटीप लिहिताच येत नाही.

अमेरिकन परराष्ट्र खात्याची कागदपत्रमाला तर जालावर फुकट आहे. १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा खंड २००५ ला आला. वाचताना दस्तऐवजाच्या पहिल्या पानाखालची टीप सोडू नका. मूळ कागद कुठल्या पेटीत आहे आणि कोणी पाहिला ते तिथे असतं. मजकुरात चौकटी कंसात "इतक्या ओळी खुल्या केलेल्या नाहीत" असं येतं. किती ओळी गाळल्या आणि कुठे, हीही माहितीच.

---

शेवंता

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका: माहिती अधिकारात या फायली मागता येत नाहीत का?

---

जुनी_फाईल

@शेवंता, येतात, पण मागण्याची रीत आहे.

शुल्क १० रुपये, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत, पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. रॉ आणि आयबी कलम २४ ने जवळपास बाहेरच आहेत, तिथे वेळ दवडू नका. परराष्ट्र मंत्रालय कलम ८(१)(अ) दाखवतं: सुरक्षा, परराष्ट्र संबंध.

अर्जाचा मजकूर असा नको: "१९८७ च्या श्रीलंका कराराबद्दलची सर्व माहिती द्यावी." असा अर्ज नाकारणं अगदी सोपं. त्याऐवजी "अमुक विभागाच्या १९८६ ते १९८८ च्या फायलींची शीर्षकं, क्रमांक, आणि त्यांपैकी कोणत्या अभिलेखागाराकडे कोणत्या तारखेला सोपवल्या" एवढंच मागा. यादीला सुरक्षेचं कारण लावणं कठीण जातं. यादी हाती आली की दुसऱ्या अर्जात नेमकी फाईल. कलम ८(३) मध्ये वीस वर्षांपूर्वीच्या घटनांसाठी बरेच अपवाद गळून पडतात, पण नेमका सुरक्षेचा अपवाद शिल्लक राहतो. तेव्हा त्यावर फार भिस्त नको.

---

लेखाजोखा

कागदपत्रांवरून आठवलं. इतिहासात जायचं नसेल तर संरक्षण अर्थकारण हे क्षेत्र अजून मोकळं आहे. माणसं कमी, साधनं उघड, आणि सगळ्या संस्थांना हवं असलेलं.

साधन म्हणजे केंद्रीय अर्थसंकल्पातल्या संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या (संसदेकडे मागितलेला खर्च), २०२५-२६ मध्ये क्रमांक १९ ते २२: नागरी, महसुली, भांडवली, निवृत्तिवेतन. २०२५-२६ चा अंदाज घ्या. एकूण ६,८१,२१० कोटी. त्यात भांडवली १,८०,००० कोटी आणि निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी. बातमी येते "संरक्षणावर पावणेसात लाख कोटींहून अधिक", पण नव्या शस्त्रांसाठीचा पैसा भांडवली मागणीतून येतो, आणि त्यातलाही मोठा भाग जुन्या करारांचे हप्ते फेडण्यात जातो. हे न बघता "चीनच्या इतके टक्के" असं लिहिलेले लेख ढिगाने सापडतील.

नेहमीच्या चुका. पहिली: या वर्षीच्या अर्थसंकल्पी अंदाजाची तुलना मागच्या वर्षीच्या सुधारित अंदाजाशी करणं. अंदाज अंदाजाशी, प्रत्यक्ष खर्च प्रत्यक्षाशी. दुसरी: सिप्रीचा (जगभरच्या लष्करी खर्चाची नोंद ठेवणारी स्टॉकहोमची संस्था) आकडा आणि आपल्या अर्थसंकल्पाचा आकडा एकाच तक्त्यात टाकणं. सिप्री निमलष्करी दलंही धरते, आपली मागणी धरत नाही. तिसरी: महागाई वजा न करता दहा वर्षांची वाढ सांगणं.

आणि संसदेच्या संरक्षण विषयक स्थायी समितीचे अहवाल वाचाच. दलांनी किती मागितले आणि किती मिळाले याचे तक्ते तिथे असतात. इतकी उघड आणि इतकी दुर्लक्षित सामग्री दुसरी नाही.

---

ईशान्य_वारा

भाषेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

चीनवर काम करायचं तर चिनी वाचता आलं पाहिजे. बोलता नाही आलं तरी चालेल. जुन्या एचएसके (चिनी भाषेची प्रमाणित परीक्षा) पद्धतीत चौथ्या पातळीला सुमारे १,२००, पाचव्या पातळीला २,५०० शब्द. लष्करी दैनिकातली बातमी शब्दकोश हाताशी घेऊन वाचायला पाचवी पातळी लागते, त्याखाली नुसती दमछाक. दीड-दोन वर्षं सलग द्यावी लागतात, म्हणून भाषा एमएच्या पहिल्या वर्षापासून सुरू करावी. पीएचडीला लागल्यावर भाषा शिकू म्हणणारे शिकत नाहीत. यंत्रानुवादाने बातमीचा आशय कळतो, पण पक्षाच्या ठरीव शब्दावलीत मागच्या वर्षीपेक्षा काय वगळलं ते त्यात दिसत नाही, आणि विश्लेषण तर तिथेच असतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच आहेत. रशियन येणारी तरुण माणसं आता दुर्मीळ, आणि आपली कितीतरी शस्त्रसामग्री अजून रशियन बनावटीची. विचार करा.

उपग्रह चित्रांचंही सांगतो. युरोपीय सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, एकच जागा साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपली जाते. पण एका ठिपक्यात १० मीटर मावतात. रस्ता, धावपट्टी, मोठी इमारत दिसते. रणगाडा आणि ट्रक यांतला फरक दिसत नाही. त्यावरून "इतके रणगाडे आले" असं लिहिणारा अभ्यासक एकदाच लिहितो, नंतर त्याला कोणी विचारत नाही.

---

शेवंता

मराठी माध्यमातून आलेल्यांनी लेखनाची सुरुवात कुठून करावी? थेट इंग्रजी नियतकालिकात शक्य नाही वाटत.

---

तटबंदी

@शेवंता, लेखनाचे तीन आकार असतात. वर्तमानपत्री टिपण ८०० ते १,२०० शब्द, संस्थेसाठी धोरणटिपण ३,००० ते ५,००० आणि समीक्षित शोधनिबंध साधारण ८,००० च्या पुढे. लोक पहिल्यातच रमतात, कारण नाव छापून लगेच येतं. पण नेमणुकीत मोजतात तिसरा. 'स्ट्रॅटेजिक अ‍ॅनालिसिस' आयडीएसएचं, 'इंडिया क्वार्टर्ली' आयसीडब्ल्यूएचं, 'इंटरनॅशनल स्टडीज' जेएनयूचं, आणि मुंबईहून निघणारं 'ईपीडब्ल्यू' (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली). परीक्षकांकडून उत्तर यायला कित्येक महिने लागतात, म्हणून एक निबंध धाडला की दुसऱ्याला लागावं. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं टाळा. ती मान्य नियतकालिकांच्या यादीतून जातात आणि नाव मात्र तुमच्या बायोडाटात राहतं.

पहिला सराव मराठीत जरूर करा. घरी करता येईल असा एक धडा देतो. १७ ऑगस्ट १९९९ ला सुब्रह्मण्यम निमंत्रक असलेल्या मंडळाचा अण्वस्त्र सिद्धान्ताचा मसुदा बाहेर आला. ४ जानेवारी २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीचा निर्णय पत्रकातून आला. दोन्ही जालावर आहेत. शेजारी ठेवा. प्रथम वापर न करण्याचं वचन दोन्हींत आहे. पण २००३ ला एक भर पडली: जैविक वा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्रांनी उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला, आणि हल्ला भारतावर किंवा कुठेही असलेल्या भारतीय सैन्यावर, असा आवाका. मग प्रश्न विचारा. पहिला कागद सल्लागारांचा, सरकारने तो केवळ मसुदा म्हणून ठेवला, दुसरा सरकारचा. मधल्या साडेतीन वर्षांत काय घडलं? संसदेवरचा हल्ला आणि २००१-०२ ची सैन्य जमवाजमव. यातल्या कशाचा त्या बदलाशी संबंध कागदावर दाखवता येतो आणि कशाचा नुसता तर्क? हे वेगळं करून १,५०० शब्दांत लिहा. जमलं तर पुढे जा.

याच विषयात मुंबई विद्यापीठात शिकवून सिंगापूरच्या आरएसआयएस या संस्थेत गेलेले राजेश बसरूर यांचं किमान प्रतिरोधावरचं (शत्रूला रोखायला थोडीच अण्वस्त्रं पुरतात हा विचार) काम पाहा.

---

फटकळ

सुब्रह्मण्यम यांचं एवढं कौतुक चाललंय, पण १९७१ च्या भाषणाचं काय? सरकारी पैशाच्या संस्थेचा संचालक जाहीर परिसंवादात पाकिस्तान फुटणं भारताच्या फायद्याचं आहे म्हणतो, आणि पाकिस्तानी लेखक आजतागायत तेच भारताच्या कटाचा पुरावा म्हणून देतात.

---

जुनी_फाईल

@फटकळ, मुद्दा बरोबर, आणि प्रत्येक नव्या संशोधकाला शिकवावा असा. आयसीडब्ल्यूएच्या परिसंवादात ३१ मार्च १९७१ ला ते बोलले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. पण त्या वसंतातले हक्सर यांचे कागद पाहिले तर सरकार बरंच सावध होतं, लगेच सैन्य घुसवायचा सल्ला मानला गेला नव्हता. इतिहासकार श्रीनाथ राघवन यांनी हे तपशिलाने मांडलंय. (राघवन हेही वेगळ्या वाटेचं उदाहरण: भौतिकशास्त्राची पदवी, सहा वर्षं पायदळात अधिकारी, मग लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीएचडी.) अभ्यासकाचं मत आणि सरकारचा निर्णय यांतलं अंतर कागदपत्रांशिवाय कळत नाही. आणि मंत्रालयाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत असाल तर "मत वैयक्तिक" ही ओळ लेखाखाली टाकली तरी परदेशात कोणी ती वाचत नाही.

---

कृष्णाकाठ

सैन्यातून किंवा गुप्तवार्ता खात्यातून निवृत्त होऊन इकडे येऊ पाहणाऱ्यांसाठी एक भर. मे २०२१ च्या अखेरीस केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत दुरुस्ती झाली. माहिती अधिकाराच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तवार्ता व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कार्यक्षेत्राशी संबंधित काहीही छापण्यापूर्वी संस्थाप्रमुखाची परवानगी लागते. मोडलं तर निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. सैन्यदलं त्या अनुसूचीत नाहीत, पण शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा सगळ्यांनाच लागू. तेव्हा पुस्तकाचा करार करताना हस्तलिखित देण्याच्या तारखेत परवानगीचे महिने धरा, आणि उशीर झाला तर दंड नाही हे कलम प्रकाशकाकडून आधीच लिहून घ्या.

---

लेखाजोखा

@कृष्णाकाठ, +१. परदेशी पीएचडीबद्दल कोणी लिहिणार का? अमेरिकेत पाच-सहा वर्षं, पण शुल्कमाफी आणि शिकवण्याच्या बदल्यात मानधन; ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, पण शिष्यवृत्ती मिळवणं अवघड. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती फक्त एक वर्षाच्या मास्टर्ससाठी, आणि त्यालाही २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, एवढंच मला ठाऊक. संभाव्य मार्गदर्शकाला पहिली मेल कशी लिहायची यावर अनुभवी लोकांनी लिहावं.

---

ईशान्य_वारा

@लेखाजोखा, मेल एक पानाच्या आत. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात कोणती कागदपत्रं किंवा आकडे पाहिले आणि कोणती अजून मिळालेली नाहीत, तिसऱ्यात त्यांच्या नेमक्या कोणत्या निबंधाशी तुमचा मतभेद किंवा संबंध आहे. जोडणीला १०-१५ पानांचा लेखनाचा नमुना, बायोडाटा दोन पानांचा. अमेरिकेत अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात, म्हणून मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवी. "तुमच्या कामाने प्रभावित झालो" ही ओळ काढून टाका. रोज येणाऱ्या सगळ्या मेलींत तीच असते. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, मग पुढचं नाव.